डाव्या बाजूचा कापूस

२ जुलै

धाकट्या,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून कुणीतरी गेलं असंच तुला वाटलं असेल. कुणी गेलेलं नाही. मी आहे, पोट सुटलंय, केस गेलेत. तुझी वहिनी आहे, तिची जीभही आहे तशीच आहे. दुकान चाललंय. ख्यालीखुशाली संपली. आता मुद्द्याचं लिहितो, कारण मला दम निघत नाही.

आज दुपारी तुझं काम माझ्या टेबलावर आलं.

कसं ओळखलं म्हणून विचारू नकोस. डावखुऱ्या माणसाची तुरपाई उलटी झुकते हे कुठलाही शिंपी सांगेल. पण डावखुरा असून अस्तराच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक जास्तीचा टाका मारून ठेवणारा माणूस मी जन्मात एकच बघितलाय. त्याला सुई धरायला मीच शिकवलं, आणि शिकवताना 'डावा हात बांधून ठेवीन' अशा धमक्या देऊन देऊन मीच थकलो.

पण ते कुणाच्या अंगावर आलं ते आधी ऐक. तुला माहीत आहेच. तरी माझ्याकडून ऐक.

मी गल्ल्यावर होतो. माझे कान तुला ठाऊक आहेत. मागच्या खोलीतली सुई बोथट झाली की मला पुढे कळतं. पडद्याआड गिऱ्हाईक बायका कुजबुजतात ना, 'इथे काचतंय गं, पण म्हाताऱ्याला सांगायचं कसं', ते ऐकून ऐकूनच मी दुकान वाढवलं. लोकांना वाटतं मला शिवणकाम येतं म्हणून वाढलं. तर दार उघडलं, आणि मान वर करायच्या आधी मला श्वास ऐकू आला. अर्धाच. चार मजले चढून आलेल्याचा असतो तसा. माझ्या दुकानाला एक पायरीसुद्धा नाही.

तेरा-चौदा वर्षांची पोर. दोन वेण्या, पाठीला दप्तर. आणि उभी कशी, तर माझ्या काचेतल्या लाकडी पुतळ्यासारखी. त्या वयाचं कुणी इतकं सरळ उभं राहत नाही रे. त्या वयात पोरं कशाला तरी टेकतात, लोंबतात, एका पायावर तोल टाकतात.

"काका, एक पट्टी बाहेर आलीय. टोचते."

"कसली पट्टी, बाळ?"

तिने शर्टावरून कमरेला हात लावला. "आतल्याची."

"आत मावशी आहेत, त्यांच्याकडे काढून दे. आत्ता लावून देतो."

"आणि जमलं तर थोडं सैल पण कराल?"

"किती सैल?"

"श्वास पुरेल एवढं," ती म्हणाली आणि हसली. मी घाबरू नये म्हणून हसली, हे मला नंतर समजलं.

आमच्या ट्रायलवाल्या मावशींनी आजवर शेकडो अंगं बघितलीत. कशाला न बिचकणारी बाई. त्या कॉर्सेट हातात घेऊन पडद्यातून बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर रक्त नव्हतं. "मालक, पोरीची पाठ..." म्हणाल्या आणि पुढचं बोलायच्या ऐवजी बोटाने हवेत रेघ काढली. रेघ खालून सरळ निघाली, मध्ये चांगलीच उजवीकडे गेली, मानेपाशी कशीबशी परत आली.

मग मी वस्तू हातात घेतली. बाहेरून बघितलं तर डोळ्यांचं पारणं फिटावं. जाड सुती कापडाच्या कळ्या, प्रत्येक सांध्यावर पोलादी पट्टी, पुढे हुकांची जोडपट्टी, मागे नाडी ओवायचे डोळे एकाखाली एक, जणू मोजपट्टीने मारलेले. डावं-उजवं अगदी सारखं. मी उलटं केलं. उजवीकडे आतून तू कळ्या रुंद ठेवल्यास, फुगलेल्या बरगड्या मावाव्यात म्हणून. आणि डावीकडे, जिथे तिचं अंग आत गेलंय, तिथे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कापूस ठासलास, उभ्या-आडव्या टिपा मारून त्याची उशी केलीस. मी अंगठा दाबला. अंगठा आत जाईना.

मी खाली बसलो. पोरीला वाटलं, दुरुस्तीचं काम अवघड आहे.

"कुणी शिवलं हे?"

"घरीच."

"का घालतेस?"

"सरळ राहायला," ती म्हणाली. जसं कुणी म्हणावं, पाऊस लागू नये म्हणून छत्री घेते.

अरे, आपला धंदाच आहे अंगाला आकार द्यायचा. पण मोठ्या बाईचं कॉर्सेट काय करतं? मांस सरकवतं. खालच्या बरगड्या थोड्या आत घेतं, नाडी सोडली की बऱ्याचशा परत जागेवर. वाढत्या अंगात हाडही ऐकतं. जिकडे ढकलशील तिकडे जातं. तू तिला डावीकडून ढकलतोयस. कणा आधीच उजवीकडे पळतोय आणि तू मागून धक्का देतोयस.

मी पट्टी आत घालून शिवली, नाडी दोन बोटं सैल केली. पोर एकटीच आली होती, एकटीच गेली. तिच्यावर ओरडू नकोस. तिने तुझं नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

हाडांच्या डॉक्टरकडे ने तिला. तिची वाढ चालू आहे तोवरच काही करता येतं. वाढ थांबली की मग कुणाच्या बापाला काही करता येत नाही. आणि इथे बाप तू आहेस.

दादा


१४ जुलै

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. एक ओळ. 'आपण आपलं दुकान सांभाळावं, माझं घर सांभाळायला मी समर्थ आहे.'

आपण! ज्याचा शेंबूड माझ्या बाहीला पुसला जायचा त्याने मला 'आपण' म्हणावं! तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "चला, घरात कुणीतरी तुम्हाला मान देतंय."

आता तू आधीच चिडला आहेस, तेव्हा आणखी चिडायला हरकत नाही. मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. पोर एकटी आली नव्हती. तिची आई समोरच्या घड्याळवाल्याच्या दुकानापाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती. मी पोरीला सोडायला दारात गेलो आणि ती पाठ ओळखली. एके काळी माझ्याच कारखान्यात तिसऱ्या मशीनवर बसायची ती पाठ.

मी रस्ता ओलांडून गेलो. म्हटलं, "घड्याळ बंद पडलंय का?"

ती वळली. "दादा, मला वाटलं तुम्ही मला हाकलाल."

"तुला कशाला हाकलू? हाकलायचा तो घरी बसलाय."

ती हसली नाही. म्हणाली, "ते रोज सकाळी स्वतः नाडी ओढतात. इतक्या हळू ओढतात, दादा, की मला काही बोलताच येत नाही. ओरडून ओढली असती तर मी भांडले असते."

हे तुझ्या बायकोचं वाक्य आहे, शब्द न् शब्द. मी विसरूच शकत नाही.

तर आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. हो, तुला न विचारता. हाडांच्या डॉक्टरीणबाई आहेत, वयाने माझ्या पोरीएवढ्या, पण हात ठाम. त्यांनी भिंगरीला पुढे वाकवून बघितलं (घरी तिला भिंगरी म्हणता हे मला तिथेच कळलं, लहानपणी जागच्या जागी गिरक्या घ्यायची म्हणे) आणि पाठीचा एक्स-रे फोटो काढायला सांगितला. कॉर्सेट काढून.

पोरगी म्हणाली, "घालून पण काढा ना एक. घातल्यावर मी सरळ असते."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर आणखी एक ओळ लिहिली. मग म्हणाल्या, "काढू. दोन्ही काढू."

दोन्ही फोटो उजेडाच्या पाटीवर शेजारी शेजारी लावले. मी आयुष्यभर माणसांना बाहेरून मापलं. आतून माणूस कधी बघितला नव्हता. एका फोटोत कणा वळला होता, मावशींनी हवेत काढला होता तसाच. दुसऱ्यात त्याहून जास्त वळला होता. डोळ्याला दिसावं इतका जास्त. मला वाटलं, चला, माझी भीती खोटी ठरली, निदान कॉर्सेटने एवढा तरी फरक पडतो.

"घातलेला कुठला?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी जास्त वाकड्यावर बोट ठेवलं.

मग भिंगरी उठली, अगदी पाटीजवळ गेली आणि म्हणाली, "फोटो अदलाबदल झालेत."

"नाही, बेटा."

"झालेत. याच्यात मी सरळ उभी होते. मला माहीत आहे ना, मी सरळ उभी होते!"

आणि त्या फोटोत, धाकट्या, तुझ्या सगळ्या पट्ट्या दिसत होत्या. पांढऱ्याशुभ्र, सरळ, एकसारख्या अंतरावर. पिंजऱ्याच्या गजांसारख्या. आणि त्यांच्या आत ते.

मी उठलो. डॉक्टरच्या बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो तर तुझी बायको पोरीची वेणी सोडून परत घालत होती. वेणी चांगली होती. हाताला काहीतरी काम हवं होतं, बाकी काही नाही.

दोन्ही फोटोंच्या प्रती यासोबत पाठवतोय. खिडकीशी धर. मला शिव्या नंतर दे.

दादा


२७ जुलै

धाकट्या,

या वेळी तीन पानं आली. 'आपण' गेलं, 'तू' परत आलं. शिव्या आहेत, पण घरच्या आहेत. बरं वाटलं.

तू विचारतोस, 'आईला तू हेच शिवून दिलंस तेव्हा ती माया होती, मग मी पोरीला शिवलं तर पाप कसं?'

तो आकार पाहिल्या पाहिल्या मला कळलं होतं तो कुठून आला. पहिल्या पत्रात लिहायचं धाडस झालं नाही. उजवीकडे रुंद कळी, डावीकडे कापसाची उशी. माझंच आहे ते, आईच्या वाकड्या पाठीसाठी कापलेलं. आपण जिन्याखाली राहत होतो तेव्हाचं. तू शेजारी बसून कापूस पिंजत होतास. आईने पहिल्यांदा घातलं आणि काही आणायचं नसताना कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. मग परत एकदा गेली. तू दारात उभा राहून बघत होतास, गल्लीतलं कुणी 'वाकडी' म्हणतंय का. कुणी म्हटलं तर फेकायला तुझ्या हातात दगड होता. कुणी म्हटलं नाही. दगड हातात तसाच राहिला तर तुला वाईटच वाटलं!

म्हणजे तू काय केलंस ते मला कळतं. पोरीची पाठ वळायला लागली तेव्हा तुला गल्ली आठवली.

पण आईची हाडं पक्की झालेली होती. तिला कापूस भरला काय आणि पिसं भरली काय, आत काही बदलणार नव्हतं. झाडाला कसलीही कापडं गुंडाळ, झाड तेच राहतं. रोपाला गुंडाळलीस तर रोप तसंच वाढतं. वस्तू तीच आहे, अंग वेगळं आहे. आईचं शिवलं तेव्हा हे मला तरी कुठे माहीत होतं? पोरीचं बघून शंका आली, फोटो बघून खात्री पटली. आईला जर कुणी वाढीच्या वयात डॉक्टरकडे नेलं असतं तर, हा विचार मी दोन रात्री केला आणि मग सोडून दिला.

तू तेही काढलंस, ते शेवटच्या दिवसाचं. काढणारच होतास. आई गेली त्या सकाळी तू ते कॉर्सेट घेऊन आलास आणि म्हणालास, "घाल तिला. माणसं बघायला येतायत." मी म्हणालो, "आता तरी मोकळी राहू दे." तू ओढलंस, मी ओढलं, आणि आईच्या उशाशी दोन बाप्ये कॉर्सेटच्या नाडीवरून भांडलो. जिंकलो मी. लोकांनी आईला शेवटचं वाकडं बघितलं आणि तू मला सोडून गेलास. तू लिहितोस, 'त्याबद्दल तुला पश्चात्ताप झाला का?' नाही झाला. आज परत तो दिवस आला तर परत नाही घालणार. खोटं लिहून तुझी मर्जी मिळवण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

आता पुढचं. मी डॉक्टरीणबाईंना मोठ्या ऐटीत म्हटलं, "उजवीकडे दाब आणि डावीकडे मोकळं, एवढंच ना? उद्या शिवून आणतो." त्या हसल्या. "काका, कापड ओढलं की गोल होतं, सगळीकडून सारखं आवळतं. तुम्ही शिवाल ती नुसती घट्ट मिठी होईल. याला कडक कवच लागतं. अंगाचा साचा घ्यायचा, नेमक्या जागी दाब द्यायचा आणि त्याच्या समोर जागा सोडायची, कणा जाईल कुठे नाहीतर?" माझं तोंड एवढंसं झालं. तुझी बायको त्या दिवसांत पहिल्यांदा हसली, माझ्या तोंडाकडे बघून. तेवढा फायदा झाला.

हे कवच तिला वाढ थांबेपर्यंत दिवसाचा बहुतेक वेळ घालावं लागेल. त्याने पाठ सरळ होईलच असं नाही. आहे तिथे थांबली तरी जिंकलो, असं त्या म्हणाल्या. नाही थांबली तर ऑपरेशन. आणि त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वडील कुठे आहेत? घरातलं एक माणूस जरी विरोधात असलं ना, तर हे कवच कपाटात जातं. मी खूप कपाटं बघितलीत."

साचा घ्यायची तारीख आठ ऑगस्ट आहे. तुझी बायको तयार आहे. मी तयार आहे. भिंगरी नाही. ती म्हणते, "बाबांनी शिवलंय. त्यांना न विचारता मी कसं सोडू?"

मी म्हटलं, "अगं, पण तूच मला सैल कर म्हणालीस ना?"

"सैल म्हणाले. सोडा कुठे म्हणाले?"

घे. तुझीच पोरगी आहे. आता बोल.

दादा


९ ऑगस्ट

धाकट्या,

काल तू आलास आणि गेलास. माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोललास, म्हणून हे परत पत्र. आपल्याला तोंडापेक्षा कागद बरा पडतो.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगतो, मी तुझ्या बायकोशी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "फोटो आले त्या दिवसापासून त्यांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर असतं. खिडकीला फोटो चिकटवलेत. मी काढले तर परत लावतात." तरी मला खात्री नव्हती. मग बाहेर चपलांचा आवाज आला. अजून तू उजवा पाय घासतोस.

साचा घेणाऱ्याने तिला वर बांधलेल्या दांड्याला धरून उभं केलं. अंगात पातळ जाळीदार बनियन, बाकी काही नाही. तू दारात आलास तेव्हा ती तुझ्याकडे पाठ करून उभी होती. तू माप नेहमी कपड्यावरून घेतलंस, ना? तुझी नजर कायम इंचपट्टीवर. मला माहीत आहे, कारण मीही तसाच घेतो. गिऱ्हाईकाकडे बघायचं नाही, आकड्याकडे बघायचं, हे मीच तुला शिकवलं.

त्या माणसाने निळी पेन्सिल ओली करून तिच्या मणक्यांवर एकेक टिंब दिलं. टिंबं पूर्ण झाली तेव्हा तू भिंत धरलीस. मी तुझ्याजवळ आलो नाही. आलो असतो तर तू ढकललं असतंस.

"कोण आहे?" तिने मान न वळवता विचारलं.

"मी," तू म्हणालास.

"बाबा?" तिने दांडा तसाच धरून ठेवला. "बाबा, मी सोडलं तर चालेल?"

साचावाला ओल्या प्लॅस्टरची पट्टी हातात घेऊन ताटकळला, पट्टीतून पाणी टपकत होतं. त्याला काय माहीत, तिथे कशाचा निकाल लागतोय. मी तुझ्या घशाचा आवाज ऐकला. दुसऱ्या कुणी ऐकला नसेल. "सोड," तू म्हणालास. मग मोठ्याने, "सोड, सोड. मी आहे."

तो पट्ट्या गुंडाळत गेला, उजवीकडून तळहाताने दाबत गेला. मग त्याने वाळलेल्या प्लॅस्टरवर डावीकडे एक मोठा चौकोन आखला आणि तुला सांगितलं, "इथे आम्ही खिडकी कापतो. मोकळी जागा. दाबलेलं अंग सरकायला वाट हवी."

तू पुढे झालास आणि त्या चौकोनावर हात ठेवलास. म्हणालास, "इथे मी भरला होता."

"काय भरला होता?"

"कापूस."

त्याला काही कळलं नाही. भिंगरीला कळलं. ती म्हणाली, "बाबा, रडू नका, प्लॅस्टर ओलं होईल."

आणि जाताना जिन्यात तू मला ते वाक्य मारलंस. "ती तुझ्याकडे आली. माझ्याशी बोलली नाही."

त्याचं उत्तर आता देतो. माझ्याकडे आली कारण मी तिचा कुणी नव्हतो. अनोळखी माणसाला 'श्वास पुरत नाही' म्हणायला काय लागतं? ज्याने रोज सकाळी जीव ओतून नाडी ओढली त्याला म्हणायला किती लागेल, तूच बघ. माझ्याकडे ती पाठ घेऊन आली. तुझ्याकडून ती परवानगी घ्यायला थांबली, तेही आपली पाठ पणाला लावून. यात मोठा कोण झाला ते तूच ठरव आणि जळफळाट थांबव.

दादा


२० ऑक्टोबर

धाकट्या,

तू पत्र लिहीत नाहीस, पण मला बातम्या मिळतात. कवच आल्यावर पहिले दिवस भयंकर गेले म्हणे. रडली, जेवली नाही, रागाने दार आपटायचं तर कवचामुळे नीट आपटताही येईना, म्हणून आणखी रडली. शाळेत कुणीतरी टकटक करून 'कोण आहे घरात' विचारलं. तिने 'तुझा बाप' असं उत्तर दिलं आणि तिलाच वर्गाबाहेर काढलं. मी हे ऐकून इतका हसलो की मावशी पडद्यातून बाहेर आल्या.

मग ते बनियनचं. कवचाच्या आत सुती बनियन लागतं, आणि बाजारातल्या प्रत्येक बनियनला बाजूने शिवण. एरवी ती शिवण कुणाला कळत नाही. वरून कवचाचा दाब आला की तीच कातडीत रुतते. तुझी बायको म्हणाली, उजव्या बरगडीवर लालभडक रेघ उठली, आणि दोन दिवस भिंगरीने कवच काढून ठेवलं. कपाटात. मला डॉक्टरीणबाईंची कपाटं आठवली. मी इथे चार प्रकारे शिवून बघितलं, चपटी टीप मारून, शिवण पुढे सरकवून, कापड बदलून. पाठवलं नाही. कुठलंच माझ्या बोटाला पटलं नाही.

काल तपासणीला दोघी आल्या होत्या. तू दुकान सोडून येऊ शकला नाहीस म्हणे. लग्नाच्या ऑर्डरी आहेत, मला कळतं. नवा फोटो लावला. डॉक्टरीणबाईंनी पट्टीने मोजलं, परत मोजलं. म्हणाल्या, "आहे तिथेच आहे. कणा केसभरही हललेला नाही." तुझी बायको खुर्चीवर बसलीच. पुढचं कुणी सांगू शकत नाही, अजून बरीच वाढ बाकी आहे, हेही त्यांनी बजावलं. पण काल तरी तो हलला नव्हता.

मग भिंगरी कवच घालायला पडद्यामागे गेली आणि पट्टे न आवळताच बाहेर आली. "काका, नाडी नसते याला, पट्टे असतात. बघा, माझी मी आवळते." मी बघायला वाकलो, आणि कवचाच्या वरच्या कडेतून बाहेर आलेलं बनियन मला दिसलं.

शिवण बाहेर होती.

बनियन उलटं घातलंय असं वाटून मी तिला सांगणारच होतो. मग टाके बघितले. डावीकडे झुकलेले. उलटं घातलेलं नव्हतं, उलटंच शिवलेलं होतं. कच्ची कड, दुमडलेलं कापड, गाठी, सगळं जगाच्या बाजूला. मी कडेतून एक बोट आत घातलं. आतून कापड असं गुळगुळीत होतं की बोटाला काही लागेचना.

मी हादरलो. तुला ओळखतो मी! बाहेरून धागा दिसला म्हणून तू एकदा नवरीचं कॉर्सेट लग्नाच्या दिवशी परत उसवलं होतंस, नवरी गाडीत थांबून होती. आईसाठी, पोरीसाठी, गिऱ्हाइकासाठी, तुझं सगळं आयुष्य बाहेरच्या बाजूला गेलं.

"शाळेत कुणी हसत नाही याला?" मी विचारलं.

"हसतात की." तिने खांदे उडवले. कवचात खांदेच तेवढे उडतात. "मी बाबांना सांगितलं, शिवण दिसते. ते म्हणाले, दिसू दे."

एक धागा लोंबत होता, मानेपाशी. इतकी वर्षं झाली, लोंबता धागा दिसला की माझा हात आपोआप कात्रीकडे जातो. खिशात कात्री होती. बाहेर काढली. आणि परत ठेवली.

तुझा,
दादा